चिन्नोरचं लाल कार्ड

“मत लिख! मत लिख! मैं बोला, मत लिख!”

म्हातारा इतक्या जोरानं ओरडला की बोडीतले सगळे बगळे एकदम उडाले आणि थेट साकोलीच्या बसस्टँडवर जाऊन उतरले. मी स्वतः पाहिलं नाही, पण उतरले असतील. माझ्या हातात पेन होता आणि त्याचं टोक रजिस्टरला टेकलेलं होतं. म्हाताऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. ती त्यानं माझ्यावर उगारली नव्हती, नुसती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली होती. 

“भाऊ, पेन खाली ठेवा,” आमची सिस्टर हळूच म्हणाली.

“ठेवतो ना बाई. पण हात ऐकून नाही राहिला.”

समोर चटईवर एक पोरगी बसली होती. विशीच्या आतबाहेरची, सहावा महिना. तिच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब मी नळीतल्या पाण्यात टाकला होता. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पहिली तपासणी अशीच असते. नळीमागच्या कागदावरच्या रेघा पाण्यातून दिसल्या तर माणूस ठीक. तिच्या नळीतलं पाणी गढूळ झालं होतं आणि रेघा बुडाल्या होत्या. सिस्टरनं नळी उजेडाकडे धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. मग माझ्याकडे पाहिलं. असं रक्त असलेली बाई बाळंतपणाला आली की काय काय होतं, ते आम्ही दोघांनीही पाहिलेलं होतं. छातीत कळ निघते, श्वास पुरत नाही, अंगातलं रक्त बघता बघता उतरतं. वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोचली, तिथं तिचं रक्त कसं आहे हे कळलं आणि बाहेरचं रक्त मिळालं तर दोन जीव वाचतात. नाही तर दोन जातात.

आणि हे सगळं होण्यासाठी तिचं नाव कागदावर असायला हवं होतं.

मी आरोग्यसेवक. दिघोरीकडच्या धानवाल्या घरचा, नोकरीनं इकडे जंगलाच्या तोंडाशी आलेला. मी जे सांगतो त्यातलं अर्धं सोडून द्यायचं असतं, हे तीन तालुक्यांना माहीत आहे. मी नागझिऱ्याच्या वाघाची मलेरियाची स्लाईड घेतली आहे. वाघ शांत बसला होता, फक्त पंजा पुढे करताना त्यानं मान फिरवली. आमच्या उपकेंद्रातले डास इतके मोठे आहेत की फवारणीच्या दिवशी ते आपणहून बाहेर जाऊन उभे राहतात. असल्या गोष्टींवर माणसं हसतात, हसता हसता बोट पुढे करतात, आणि मी टोचून घेतो. नोकरीची अशी वर्षं काढली. थाप मारली नसती तर अर्ध्या तालुक्याचं रक्त मला मिळालं नसतं.

पण पाळीवरची ही माणसं हसत नव्हती.

बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिच्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. त्या पाळीच्या पलीकडल्या उतारावर वीसेक झोपड्या दोन पावसाळ्यांपूर्वी उगवल्या. माणसं पल्याडच्या राज्यातल्या जंगलातून चालत आली होती. का आली, ते एकदम कोणी सांगितलं नाही. तुकडे तुकडे ऐकायला मिळाले. तिकडे रात्री बंदूकवाले येऊन तांदूळ मागायचे. दिवसा दुसरे बंदूकवाले येऊन विचारायचे की तांदूळ कोणी दिला. मग एका बाजूनं कागद काढला. त्यावर नावं लिहिली. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या खिशात तसाच कागद निघाला. ज्यांची नावं होती ती माणसं एकेक करून कमी झाली. पोरीचा नवराही त्या कागदावर होता. तो इथवर जिवंत पोचला आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इथूनच नाहीसा झाला. तो कुठाय असं विचारलं की पाळीवरच्या बाया तलावाकडे बघायच्या.

गावानं त्यांना हाकललं नाही. रोवण्याला हात हवेच होते, आणि ही माणसं चिखलात वाकली की संध्याकाळपर्यंत उठत नसत. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं तर त्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू दिलं. “आमाले बी कोनी एकेकाळी भरू देत नोयता,” एवढंच म्हणाली आणि दोर हातात दिला. पण आजारी पडलं की ही माणसं घरातच पडून राहत. दवाखान्यात सगळ्यात आधी नाव विचारतात.

त्या दिवशी म्हातारा कुऱ्हाडीसकट अर्धा तास उभा राहिला. तो पोरीचा सासरा नव्हता, बापही नव्हता. पाळीवरचा सगळ्यात मोठा होता, एवढंच. शेवटी मला युक्ती सुचली. मला वाटलं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार युक्ती.

“बाबा, तुमचं नाव मले नकोच,” मी म्हटलं. “मीच नावं देतो. बारसं करतो सगळ्यायचं.”

आणि मी धानाची नावं दिली. म्हातारा लुचई झाला. एक जाडजूड बाई होती, ती दुबराज. एक काळासावळा गडी कालीकमोद. पोरीला मी सगळ्यात चांगलं नाव दिलं, चिन्नोर. शिजला की घरभर वास सुटतो तो तांदूळ. त्या दिवशी पहिल्यांदा पाळीवर हसू आलं. दुबराजनं मला हातानं खुणावून विचारलं की तुझं नाव काय. सिस्टर म्हणाली, “यायचं नाव कोंडा ठेवा.” सगळे खोखो हसले. म्हाताऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि बोट पुढे केलं.

पंधरा दिवसांनी भंडाऱ्याहून पक्का निकाल आला. कार्डं भरून मी पाळीवर नेली. ज्याला काही नाही त्याला पांढरं, ज्याच्या रक्तात अर्धं आहे त्याला पिवळं, ज्याला आजार आहे त्याला लाल. लाल एकच होतं. ते पोरीच्या हातात देताना मी जरा जास्तच बोललो.

“हे साधं कार्ड नाही. हे दाखवलं की दवाखान्यात कलेक्टरलाही बाजूला बसवतात. साऱ्या जिल्ह्यात तुला ओळखतील. या कार्डवालीला शोधत डॉक्टर धावत येईल.”

सिस्टरनं हिंदीत सांगितलं. पोरीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. ‘शोधत’ हा शब्द ऐकला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय झालं, ते मला दिसलं, पण तेव्हा कळलं नाही.

मग मी ती गोष्ट घेऊन साकोलीला गेलो. हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर रंगवून रंगवून सांगितली. धानाचं गाव, लुचईची कुऱ्हाड, चिन्नोरचं लाल कार्ड, तिचा सहावा महिना. टपरी हसून हसून वाकली. कोण कोण बसलं होतं, ते मी मोजलं नाही.

धान पोटरीला आलं होतं तेव्हा एका सकाळी उपकेंद्रासमोर मोटारसायकल थांबली. माणूस पस्तिशीचा, शर्ट इस्त्रीचा, बोलायला मऊ. बूट स्वच्छ होते. आमच्या रस्त्यावर त्या दिवसांत बूट स्वच्छ ठेवायचे तर माणसाला हवेतून यावं लागतं.

“नमस्कार सर. पाळीवर किती घरं आहेत?”

“कोनाले पायजे?”

“असंच.” त्यानं टेबलावरचं रजिस्टर स्वतःच ओढून घेतलं आणि उघडलं. “लुचई. दुबराज. ही माणसं आहेत?”

“धान आहे सर. आमचं खातं आजकाल धानाचंही रक्त तपासते.”

तो हसला. छान हसला. “खरी यादी कुठं आहे?”

खरी यादी नव्हतीच. पण नाही म्हटलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. माझी तोंडाची सवय मदतीला धावली.

“तिकडं जाऊ नका,” मी आवाज खाली घेतला. “साथ आहे. कसली ते पुण्याच्या लॅबलेबी कळून नाही राहिलं. मागच्या आठवड्यात एक बकरी पाळीवरून गेली, घरी पोचली तर तिले आवाजच नाही. मी स्वतः तीनदा आंघोळ करतो. हात नका लावू रजिस्टरला, माझाच हात लागलेला आहे.”

त्यानं रजिस्टर बंद केलं, अगदी हळू. रुमालानं बोटं पुसली. मोटारसायकलवर बसला, किल्ली फिरवली आणि मग, जणू आत्ताच आठवलं असं, विचारलं, “चिन्नोरची तारीख कधी आहे?”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी तारीख सांगितली, खोटी. तो मान हलवून गेला. कोणत्या बाजूचा होता, ते मी आजही सांगू शकत नाही. बाजू दोनच होत्या का, हेही मला माहीत नाही. तो पुन्हा कधी दिसला नाही, आणि त्यामुळेच मला त्याची भीती जास्त वाटते.

दुपारी मी पाळीवर जाऊन म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, ओरडला नाही. “अच्छा,” म्हणाला. पोरगी बाजूला सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

साथीची थाप मात्र थांबली नाही. ती मी एका माणसासाठी मारली होती, पण आठवड्याभरात ती गावातून तालुक्यात गेली आणि परत आली तेव्हा तिला पाय फुटले होते. बकरीच्या चार बकऱ्या झाल्या होत्या. विहिरीवरचा दोर काढून घेतला गेला. मी त्या म्हाताऱ्या बाईला समजावायला गेलो. “ती गोष्ट खोटी आहे बाई, मीच बनवली,” मी म्हटलं. तिनं माझ्याकडे कीव करून पाहिलं. “तू खोटारडा, हे आमाले मालूम आहे. पन साथीची गोष्ट कोनी खोटी सांगते का?”

आठवा महिना लागला. मी त्या दिवशी तालुक्याच्या मीटिंगला होतो. सकाळी पोरीच्या छातीत कळ निघाली. सिस्टरनं अँब्युलन्स बोलावली, ती आली, पण पाळीच्या अलीकडेच थांबली. ड्रायव्हर तोंडाला दुपट्टा बांधून बसून राहिला. पोरीला चारजणांनी बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. सिस्टर दुसऱ्या बाळंतपणात अडकली होती, म्हणून सोबत म्हातारा गेला. दवाखाना कुठला ते सांगत नाही. तिथल्या माणसांनी तेच केलं जे त्यांच्या जागी मीही केलं असतं.

मीटिंगमध्ये मला सिस्टरचा फोन आला. मी मोटारसायकल काढली आणि इतक्या वेगात हाणली की माझी सावली मागं पडली. ही थाप नाही. दुपार होती, सावली तशीही मागंच होती.

पोरगी दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली फरशीवर भिंतीला टेकून बसलेली सापडली. बाजूला म्हातारा. आजूबाजूला दहा हात कोणी नाही. ड्रायव्हरनं आत सांगितलं होतं, ‘साथीच्या वस्तीतलं पेशंट आहे.’ माझी थाप माझ्या आधी पोचली होती. डॉक्टरीण बाहेर येऊन बघून गेली होती, कार्ड पाहिलं होतं, इंजेक्शन दिलं होतं. रक्ताचा काही त्रास नाही, कळा अजून खऱ्या नाहीत, थोडं थांबा, असं सांगितलं होतं. पोरीचे ओठ राखेसारखे झाले होते. ती श्वास मोजून मोजून घेत होती.

“काहून नाही सांगितलं सिकलसेल आहे म्हनून? कार्ड कुठाय?”

तिनं मूठ उघडली. कार्ड पांढरं होतं. वर माझ्याच अक्षरात: दुबराज.

मी म्हाताऱ्याकडे वळलो. त्यानं कमरेचा फडका सोडला आणि त्यातून लाल कार्ड काढलं. ते घामानं मऊ झालं होतं. त्या मोटारसायकलवाल्या दिवसापासून ते त्याच्याच जवळ होतं. त्यांच्याकडे असंच करतात, हे मला नंतर समजलं. ज्याच्या मागावर कोणी आहे त्याचं अंगावरचं काहीतरी, पागोटं म्हणा, कडं म्हणा, घरातला सगळ्यात म्हातारा माणूस घेतो आणि स्वतःच्या अंगावर घालतो. येणारा येतोच. त्याला म्हातारा मिळतो. आणि पोटुशीला सगळ्यात चांगली, सगळ्यात स्वच्छ वस्तू देतात. पाळीवरचं सगळ्यात स्वच्छ कार्ड पांढरं होतं. दुबराजनं ते आपणहून दिलं होतं.

मी कार्ड घेऊन आत धावलो. काय ओरडलो ते तिथल्या शिपायाला विचारा. तो सांगतो की खिडकीची काच तडकली. काच आधीच तडकलेली होती. डॉक्टरीण लहान वयाची होती, सकाळपासून उभी असावी. लाल कार्ड पाहिल्याबरोबर ती धावत बाहेर आली आणि तिनं पोरीला आत घेतलं. एवढं मात्र मी पोरीला खरं सांगितलं होतं.

“साथ नाही, मॅडम. साथ मी उठवली,” मी म्हटलं.

“ते नंतर बोलू,” ती म्हणाली आणि तिनं ऑक्सिजन लावायला लावला. “भंडाऱ्याला पाठवते. रक्त लागेल. नाव सांगा.”

“चिन्नोर.”

तिनं मान वर केली. “आता नका हो. तिची दोन कार्डं, दोन्हींवर तांदूळ. चुकीच्या माणसाचं रक्त चुकीच्या माणसाला गेलं तर कोण जबाबदार? आणि मूल झालं तर कोणाचं म्हणून देऊ? खरं नाव, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव.”

मी तोंड उघडलं. शेकडो नावं माझ्या जिभेवर होती. एखादं साधं खोटं नाव मी सहज देऊ शकलो असतो, आणि पुढच्या दवाखान्यात तिसरं कोणी चौथं काही लिहिलं असतं. म्हातारा दारात उभा होता.  ओरडला असता तर बरं झालं असतं.

पोरीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि नाव सांगितलं. तिचं, नवऱ्याचं, गावाचं. तिन्ही, न अडखळता, शाळेत हजेरी देतात तसं. डॉक्टरणीनं लिहून घेतलं. ती नावं मी इथं लिहीत नाही.

म्हाताऱ्यानं मला विचारलं, “पेन से लिखा?”

“पेननं.”

त्यानं टेबलावरचं लाल कार्ड उचलून पुन्हा फडक्यात बांधलं. कोणी अडवलं नाही. त्याचा उपयोग होऊन गेला होता.

अँब्युलन्समध्ये मी तिच्यासोबत बसलो. म्हातारा बसला नाही. मागच्या काचेतून बघितलं तर तो हायवेच्या कडेनं परत पाळीच्या दिशेनं चालत होता, ट्रकांच्या धुळीत, वळून न बघता.

भंडाऱ्याला रक्त मिळालं. दोन रात्री तिची अवस्था अशी होती की सिस्टर मला फोनवर काही विचारत नव्हती, नुसती ‘हॅलो’ म्हणून थांबायची. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. माझ्या तळहाताएवढी. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. काचेच्या पेटीत ठेवली. आई उठून बसली.

पाचव्या दिवशी मी पाळीवर बातमी सांगायला गेलो. वाटेत सांगायची गोष्ट जुळवून ठेवली होती. त्यात मुलीनं जन्मल्याबरोबर डॉक्टरणीला नमस्कार केला होता.

पाळीवर आवाज नव्हता. झोपड्या उभ्या होत्या, पण आत काही नव्हतं. ना मडकं, ना सूप, ना दोरीवरचं कापड. कुत्रीही नव्हती. पायांचे ठसे तलावाच्या काठानं जंगलाकडे गेले होते आणि दगडी जागेवर संपले होते. चुलीचे दगड प्रत्येक झोपडीत उलटे पडलेले होते, काळी बाजू मातीत. मला वाटलं रानडुकरं येऊन गेली. एका दगडाखाली माझी सगळी कार्डं नीट गठ्ठा करून ठेवलेली सापडली. पांढरी, पिवळी. मी दोनदा बघितली. लाल त्यात नव्हतं. ते म्हाताऱ्यानं सोबत नेलं होतं.

शेतात धान पिवळं पडून वाकलं होतं. एका बांधीत मोटारसायकलच्या चाकाची रेघ होती. कोणाचीही असेल. आमच्याकडे आता घरोघरी मोटारसायकल आहे.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. पोरगी खिडकीशी बसली होती, मुलगी पेटीतून काढून मांडीवर दिली होती. मी स्टूल ओढलं आणि सुरू झालो.

“सब ठीक है. सगळे नाकाडोंगरीकडं गेले, तिकडं खाणीवर काम निघालं. आठ दिवसांत येतील. दुबराज म्हणाली, बाळाला काजळ लाव. आणि बाबानं सांगितलंय—”

तिनं मला बोलू दिलं. माझं सगळं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, “चूल्हे के पत्थर सीधे थे, कि उल्टे?”

मी आयुष्यभर थापा मारल्या आहेत. वाघाच्या, डासांच्या, बकरीच्या. त्या वेळी माझ्या तोंडात एकही आली नाही.

“उल्टे,” मी म्हटलं.

तिनं मुलीच्या पायावरचं फडकं सारखं केलं.

“तो वो वापस नहीं आएँगे. बच्ची के सुई-टीके इधरही लगा दो,” ती म्हणाली.